३५ वर्षांत ५०० चित्रपट : लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना एवढं काम जमलं कसं?

प्रश्न ठाण्याच्या एका तरुण संगीतकाराचा आहे. तो घरच्याच स्टुडिओत मालिकांची शीर्षकगीतं करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "एक गाणं हातावेगळं करायला मला पंधरा-वीस दिवस लागतात. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या नावावर पाचशेच्या आसपास चित्रपट आहेत. दोन माणसांना हे शक्य आहे का? चाली सहाय्यकच बांधत असणार ना? आणि असं काम आज करायचं असेल तर काय शिकावं?"

मुंबईच्या स्टुडिओंत माझं आयुष्य गेलं. आधी व्हायोलिनच्या मागच्या रांगेत, मग पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, उतरवून देणारा कॉपिस्ट म्हणून, नंतर चालीभोवती वाद्यांची रचना लिहिणारा अरेंजर म्हणून. हा प्रश्न मला जवळचा आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी हिशोब मांडू. त्यांचा पहिला चित्रपट 'पारसमणी' १९६३ साली आला. लक्ष्मीकांतजी २५ मे १९९८ रोजी गेले. म्हणजे ३५ वर्षं, वर्षाला सरासरी १४ चित्रपट. चित्रपटामागे पाच-सहा गाणी धरली तर वर्षाला ७०-८० गाणी होतात, दर चार-पाच दिवसांना एक. शिवाय प्रत्येक चित्रपटाचं पार्श्वसंगीत वेगळं, आणि बाहेरचे लोक हिशोब करताना नेमकं तेच विसरतात. ऐंशीच्या दशकात तर काही वर्षी चित्रपटांची संख्या या सरासरीच्या बरीच वर गेली.

तरीही हे शक्य होतं, आणि चाली सहाय्यकांनी बांधल्या हा तर्क मला पटत नाही. या दोघांच्या हाताचा वेग संगीतकार झाल्यावर आलेला नाही, तो वादक असतानाच आला होता. त्यामुळे सुरुवात तिथून करावी लागते.

लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर यांचा जन्म १९३७ च्या लक्ष्मीपूजनाचा, त्यावरूनच नाव ठेवलं. बालपण विलेपार्ल्यात गेलं, वडील लवकर गेले, घरात चणचण. मेंडोलिन शिकले आणि पोरवयातच वाजवून पैसे आणायला लागले. प्यारेलाल त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे आणि स्टाफ नोटेशनचे, म्हणजे पाच रेषांवर सुरावट लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीचे, पक्के जाणकार होते. व्हायोलिनचे धडे मिळाले अँथनी गोन्साल्विस यांच्याकडून. गोव्यातल्या माजोर्ड्याच्या या माणसाने १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादक बसवून रागसंगीत सिम्फनीच्या मांडणीत वाजवून दाखवलं होतं. 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ ज्या नावाने मिरवतो ते नाव त्यांचंच, शिष्याने दिलेली गुरुदक्षिणा. मंगेशकर कुटुंबाने मुलांसाठी चालवलेल्या सुरील कला केंद्रात या दोघा पोरांची गाठ पडली. पुढे दोघांनी त्या काळच्या बड्या संगीतकारांकडे वाजवलं आणि कल्याणजी-आनंदजींकडे सहाय्यक म्हणून काम केलं.

हा तपशील मी उगाच देत नाही. संगीतकार म्हणून स्वतःचं नाव पडद्यावर येण्याआधी या दोघांनी दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये बसून सगळं पाहिलं होतं. कोणता संगीतकार वेळ कुठे घालवतो, टेक कशामुळे बिघडतो, गायक कधी थकतो, निर्मात्याच्या कपाळावर आठी कधी पडते. आजच्या मुलाला हे पाहायला मिळत नाही, कारण तो पहिल्या दिवसापासून एकटाच संगणकापुढे बसतो.

आता मुख्य गोष्ट, नोटेशन.

त्या काळचा रेकॉर्डिंगचा हॉल डोळ्यांपुढे आणा. ताडदेवचं फेमस किंवा वांद्र्याचं मेहबूब. एका बाजूला व्हायोलिनच्या रांगा, त्यात बहुतेक गोव्याचे आणि पारशी वादक. त्यांच्यापुढे स्टँड आणि स्टँडवर पाच रेषांचा कागद. दुसऱ्या बाजूला सतार, बासरी, सारंगी, संतूर. यांच्यातल्या बहुतेकांना त्या पाच रेषा वाचता येत नसत आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. सतारिया मांडीवर डायरी ठेवायचा, अरेंजर त्याला तुकडा गाऊन दाखवायचा, तो देवनागरीत 'ग म प, नि ध प' असं लिहून घ्यायचा, कोमल स्वराखाली आडवी रेघ मारायचा आणि कुठल्या मात्रेवर उठायचं तिथे स्वतःची खूण करायचा. तिसऱ्या कोपऱ्यात रिदम : ढोलक, तबला, ढोलकी, डफ, बाँगो. त्यांना ठेका तोंडी सांगितला जायचा. गायकाचा बूथ वेगळा. एकाच खोलीत दोन लिप्या आणि एक तोंडी परंपरा, आणि कुणीही एका क्षणासाठीसुद्धा चुकता कामा नये. मल्टिट्रॅक, म्हणजे वाद्यं वेगवेगळी मुद्रित करून जोडायची सोय, येण्याआधी सगळं एकत्रच वाजायचं. शेवटच्या अंतऱ्यात मागच्या रांगेतलं एक व्हायोलिन घसरलं तरी गाणं पहिल्यापासून.

अशा हॉलमध्ये वेळ कुठे जातो? शिकवण्यात. तीस व्हायोलिनना तुकडा गाऊन शिकवायला गेलात तर दुपार तिथेच होते. तोच तुकडा नीट लिहून स्टँडवर ठेवला तर पहिल्या वाचनात स्वर येतात, दुसऱ्यात बो (व्हायोलिनचे गज) सारखे होतात, तिसऱ्यात तोल जमतो आणि तुम्ही टेककडे वळता. मी कॉपिस्ट असताना हा फरक रोज पाहिला. ज्या दिवशी अरेंजरचा कागद स्वच्छ असायचा, बार (ठरावीक मात्रांचे खंड) मोजलेले असायचे, बोच्या खुणा केलेल्या असायच्या, त्या दिवशी जेवणाआधी गाणं ओके. ज्या दिवशी संगीतकार हॉलमध्ये येऊन इंटरल्यूड (कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा) बदलायचा, त्या दिवशी संध्याकाळचे सात वाजले तरी आम्ही रबराने खोडत बसलेलो.

मुंबईतल्या बहुतेक मोठ्या नावांनी या कामासाठी वेगळा माणूस ठेवला होता. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते, आणि त्या गाण्यांमधल्या व्हायोलिनचा जो भव्य थाट आपण ऐकतो तो त्यांच्या कागदावरचा. राहुल देव बर्मन यांच्याकडे बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि रिदमला आपले मारुतीराव कीर. यात कमीपणा काहीच नाही, ही उत्तम पद्धत आहे. पण तिथे एक पायरी वाढते. संगीतकार अरेंजरला समजावतो, अरेंजर लिहून आणतो, संगीतकार ऐकतो, हे नको ते घ्या म्हणतो, पुन्हा लिहायचं. लक्ष्मी-प्यारेंकडे ही पायरीच नव्हती. प्यारेलालजी स्वतः संगीतकार, स्वतः अरेंजर आणि स्वतःच कंडक्टर. चाल ऐकतानाच त्यांच्या डोक्यात व्हायोलिनचा काउंटर (मूळ चालीसोबत जाणारी दुसरी सुरावट), चेलोचा आधार, इंटरल्यूडची लांबी उभी राहायची आणि ते सरळ कागदावर उतरवायचे. परवानगी कुणाची घ्यायची, ती स्वतःचीच. माझ्या मते पाचशे चित्रपटांचं सर्वांत मोठं कारण हेच.

दुसरं कारण लक्ष्मीकांतजी. ढोबळमानाने सांगायचं तर सिटिंग (दिग्दर्शक आणि गीतकाराबरोबर चाल बांधायची बैठक), चाल, ठेका, गायकाची तालीम आणि माणसं सांभाळणं हा त्यांचा प्रांत, आणि वाद्यवृंद प्यारेलालजींचा. ही भिंत पक्की नव्हती, दोघं एकमेकांच्या कामात मनापासून शिरत. पण कामाचे दोन मार्ग एकाच वेळी चालू राहायचे, हे महत्त्वाचं. जुहूला लक्ष्मीकांतजींच्या बंगल्यात, त्याचं नाव पहिल्या चित्रपटावरून 'पारसमणी', एका दिग्दर्शकाबरोबर सिटिंग चालू असताना दुसऱ्या चित्रपटाचे कागद तयार होऊ शकत होते. एकट्या संगीतकाराला हे कधीच साधत नाही. तुम्ही एकटे आहात, तुमचे पंधरा दिवस इथेच जातात : सकाळी चाल, दुपारी प्रोग्रॅमिंग, संध्याकाळी निर्मात्याचा फोन, रात्री मिक्सिंग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालची चाल आवडेनाशी झालेली.

सिटिंगबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण नव्या मुलांना ती पद्धत माहीतच नाही. दिग्दर्शक प्रसंग सांगायचा, गीतकार समोर बसलेला, हार्मोनियम आणि ढोलक हाताशी. कधी मुखडा आधी आणि चाल नंतर, कधी उलट. चाल आधी असेल तर डमी बोल घालून गायची. 'तेजाब'च्या वेळची गोष्ट जावेद अख्तर यांनीच सांगितलेली आहे : लक्ष्मीकांतजींनी छंद कळावा म्हणून चालीवर नुसते आकडे म्हणून दाखवले, एक दो तीन चार, आणि जावेदसाहेबांनी ते आकडेच मुखड्यात ठेवले. १९८८ साली त्या मोजणीवर अख्खा देश नाचला. डमी बोलांतही झोक हवा, तो ऐकणाऱ्याच्या जिभेवर बसायला हवा, हे त्या प्रसंगातून शिकण्यासारखं आहे. तुम्ही संगणकावर पियानोच्या आवाजात चाल पाठवता ना, तिथे हा झोक हरवतो. स्वतः गाऊन पाठवा. आवाज चांगला असण्याची गरज नाही.

आनंद बक्षींबरोबर या जोडीने तीनशेच्या आसपास चित्रपट केले. इतकी वर्षं एकाच माणसाबरोबर बसलं की अर्धं बोलणं न बोलताच होतं. प्रसंग ऐकून बक्षीसाहेब कोणत्या छंदात लिहितील याचा अंदाज चाल बांधणाऱ्याला असतो, आणि अंतऱ्याला चाल कुठे चढेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. लताबाईंनीही त्यांच्याकडे सातशेच्या घरात गाणी गायली. गायिका, गीतकार, ढोलकवाला, बासरीवाला, रेकॉर्डिस्ट, सगळी माणसं ठरलेली. प्यारेलालजींचे भाऊ गोरख शर्मा गिटारला, 'कर्ज'मधली ती सुप्रसिद्ध गिटार त्यांचीच. नवा माणूस आला की त्याला समजावण्यात वेळ जातो, ओळखीच्या माणसाला नजर पुरते.

आता तुमच्या संशयाकडे येतो. सहाय्यक होते, असायलाच हवेत. तालमी घेणं, वादक बोलावणं, पार्ट वाटणं, गायकाला शब्द पोचवणं, ही कामं त्यांची. अधूनमधून एखादा तुकडा कुणी सुचवलाही असेल, आणि आमच्या धंद्यात वादकाने स्वतःच्या मनाने वाजवलेला फिलर (ओळींमधली जागा भरणारा छोटा तुकडा) गाण्यात राहून जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. पण पस्तीस वर्षं एका ठशाची गाणी वेगवेगळ्या सहाय्यकांकडून येत नाहीत. ठसा ऐका. 'मिलन'मधलं 'सावन का महीना' (१९६७), 'दो रास्ते'मधलं 'बिंदिया चमकेगी' (१९६९), 'सरगम'मधलं 'डफलीवाले' (१९७९). वर्षं वेगळी, गीताचा बाज वेगळा, तरी ठेक्याला तोच लवचिक झोल, आणि त्यावर व्हायोलिनचा भरगच्च जथा मुखड्याला उत्तर देत येतो. ढोलक गावाकडची, व्हायोलिन सिम्फनीची, आणि दोन्ही एकमेकांना न ढकलता बसलेली. हा जोड त्या दोन माणसांच्या दोन बालपणांतून आलेला आहे. तो तिसऱ्याला जमला असता तर त्याने स्वतःच्या नावाने केला असता.

पैशाच्या आणि बाजाराच्या बाजूने पाहिलं तरी उत्तर तेच मिळतं. 'दोस्ती' (१९६४) मध्ये कुणी मोठा नट नव्हता, आणि त्याच वर्षी समोर राज कपूर यांचा, शंकर-जयकिशन यांच्या संगीताचा 'संगम' होता. संगीताचं फिल्मफेअर 'दोस्ती'ला मिळालं. माउथ ऑर्गन वाजवला होता राहुल देव बर्मन यांनी, तो काळ असा मोकळा होता. मग १९७१ साली जयकिशनजी गेले आणि राज कपूर यांनी 'बॉबी'साठी (१९७३) या जोडीला बोलावलं. १९७७ ते १९८० अशी सलग चार वर्षं फिल्मफेअर त्यांच्याकडे : 'अमर अकबर अँथनी', 'सत्यम् शिवम् सुंदरम्', 'सरगम', 'कर्ज'. या चार चित्रपटांत काय साम्य आहे सांगा. एक मसाला, एक भक्ती आणि शृंगार यांच्या सीमेवरचा, एक लोकसंगीताचा, एक गिटार-डिस्कोचा. पहिल्यातल्या 'हमको तुमसे हो गया है प्यार'मध्ये तर लता, रफी, किशोर आणि मुकेश हे चौघेही आहेत. तीन नायकांच्या तीन प्रेमकथा एकाच चालीत सांगायच्या, आणि तरी प्रत्येक आवाज आपल्या जागी शोभायला हवा. हे गाणं हेडफोन लावून ऐका आणि गायक बदलतो तिथे मागे वाद्यवृंद काय करतो तेवढंच लिहून काढा.

आपल्या माणसाला त्यांचं आणखी एक काम आवर्जून सुचवेन, 'पिया का घर' (१९७२). 'मुंबईचा जावई' या मराठी चित्रपटावरून केलेला. नवं लग्न झालेलं जोडपं, गच्च भरलेलं घर, बोलायलाही कोपरा नाही. त्यातलं 'ये जीवन है' ऐका. शंभर वादक बसवू शकणारा माणूस तिथे हात किती आखडता घेतो! किती वाद्यं नकोत हे कळणं हाही अरेंजिंगचाच भाग आहे, आणि मला वाटतं तोच अधिक अवघड.

पार्श्वसंगीताचं सांगायचं राहिलंच होतं, आणि नोटेशनचा खरा कस तिथेच लागतो. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे ३५ मिलिमीटरची सुमारे साडेतेरा हजार फूट फिल्म, मिनिटाला ९० फूट या हिशोबाने. ती हजार-हजार फुटांच्या रिळांत विभागलेली. संगीतकार रीळ पाहतो, स्टॉपवॉच लावतो, लिहून घेतो : दार उघडतं, सात सेकंदांनी आई वळते, अकराव्या सेकंदाला ताट पडतं. लय ठरली की सेकंदांचे बार करता येतात. मिनिटाला ६० मात्रांची लय आणि चार मात्रांचा बार घेतला तर चार सेकंदांना एक बार, म्हणजे आई दुसऱ्या बारच्या शेवटच्या मात्रेवर वळते आणि ताट तिसऱ्या बारच्या शेवटच्या मात्रेवर पडतं. हे कागदावर नसेल तर पडद्यासमोर साठ माणसं बसवून अंदाजाने वाजवत राहावं लागतं. ज्याला लिहिता येतं तो एका दिवसात दोन-तीन रिळं संपवतो. वर्षाला १४ चित्रपटांचं पार्श्वसंगीत करणं शक्य झालं ते या हिशोबामुळे.

एवढ्या कामाची किंमतही मोजावी लागली, ते लपवण्यात अर्थ नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची त्यांची बरीच गाणी मला आज आठवत नाहीत, आणि मी त्यांचा निस्सीम चाहता आहे. चित्रपटच तसे होते, मारामारीच्या मध्ये गाणं कोंबायचं, आणि नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नसावं. पण त्याच काळात 'उत्सव' (१९८४) आहे, 'नाम'मधलं 'चिठ्ठी आई है' (१९८६) आहे, पुढे 'खलनायक' (१९९३) आहे. कविता कृष्णमूर्ती आधी त्यांच्याकडे डबिंग गायच्या, म्हणजे लताबाईंसाठी आधी गाऊन ठेवायचं गाणं. आपले सुरेश वाडकर, अनुराधा पौडवाल यांना त्यांनी सातत्याने गाणी दिली. आणि एक बाजू आम्हा वादकांनाच दिसते : महिन्याला इतकी रेकॉर्डिंग म्हणजे इतक्या घरांत चूल. पारशी, गोवेकर, मराठी, पंजाबी, कितीतरी वादकांच्या मुलांची शिक्षणं त्या शिफ्टवर झाली. सिंथेसायझर आले, मग प्रोग्रॅमिंग आलं आणि ते हॉल रिकामे झाले. चार-पाच माणसांत गाणं होऊ लागल्यावर व्हायोलिनच्या रांगेला कोण बोलावणार?

आज काय शिकावं, याचं माझं उत्तर सरळ आहे. स्टाफ नोटेशन लिहायला शिका, सॉफ्टवेअरवर नाही, पेन्सिलीने. तुम्ही संगणकावर वाजवून ऐकता, मग बदलता, पुन्हा ऐकता. डोक्यात ऐकून कागदावर उतरवायची सवय लागली की वाजवण्याआधीच निर्णय झालेला असतो आणि तुमचे पंधरा दिवस पाच-सहावर येतात. दुसरं, भागीदार शोधा. तुम्हाला चाल सुचत असेल तर वाद्यरचना करणारा, वाद्यरचना येत असेल तर चाल बांधणारा. नाव दोघांचं ठेवा आणि वाटणी निम्मी-निम्मी, पहिल्याच गाण्यापासून लेखी. तिसरं, नाकारलेली चाल फेकू नका, वहीत तारीख घालून ठेवा. दिग्दर्शकाने नाकारली म्हणजे ती वाईट असते असं नाही, प्रसंग वेगळा असतो.

आणि हक्कांचं बघा, कारण जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांनी ठोक रकमेवर सही करून सगळं देऊन टाकलं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला संगीतकाराचा आणि गीतकाराचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. करारात कुणी तसं कलम घातलं तर तिथेच बोट ठेवा. आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या आणि मालिकेचं शीर्षकगीतसुद्धा तिथे नोंदवा, रोज वाजतं ते.

सुरुवात करायचीच असेल तर 'डफलीवाले'चं पहिलं इंटरल्यूड कानाने लिहून काढा : पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, चेलो, ढोलकचे बोल वेगळ्या ओळीवर. पहिल्यांदा आठवडा जाईल. लिहून झालं की मला पाठवा, बार कुठे चुकले ते मी खूण करून देईन.